मार्कग्राफपदाचा चार्ज

लग्नात रडणाऱ्या माणसांचा मला कधीच त्रास होत नाही. रडणारा माणूस एका जागी बसून राहतो. त्रास होतो तो उत्साही माणसांचा. उत्साही माणूस मांडलेल्या खुर्च्या हलवतो, स्वयंपाकघरात शिरून मीठ बघतो, सनईवाल्याला सूर सांगतो आणि शेवटी माइक हातात घेतो. माझ्या उभ्या आयुष्यात मी जे काही केलं, ते या माणसाच्या हातून माइक काढून घेण्यासाठी केलं.

मी मूळचा पुण्यातल्या एका मंगल कार्यालयाचा मॅनेजर. एवढं वाचून ज्यांनी नाक मुरडलं असेल, त्यांचं बरोबरच आहे. भिंतीवरच्या सूचना मीच लिहायचो. 'कार्यालय वेळेत रिकामे करावे.' 'हरवलेल्या चपलांस व्यवस्थापन जबाबदार नाही.' 'रुसवेफुगवे वधूवर पक्षाच्या खोल्यांतच करावेत.' ही तिसरी सूचना मालकांनी काढायला लावली, पण सगळ्यात उपयोगी तीच होती.

पुढे माझ्या बायकोला, वैशालीला, मलिंगारच्या हॉस्पिटलमध्ये नर्सची नोकरी लागली आणि मी तिच्या मागून आयर्लंडला आलो. माझ्या व्हिसाच्या कागदावर 'डिपेंडंट' असं लिहिलं होतं. ते वाचून सासऱ्यांना जो आनंद झाला, तो आमच्या लग्नातही झाला नव्हता. वर्षभर मी घरी बसून कणीक मळली आणि खिडकीतून पाऊस बघितला. मग एका मराठी जोडप्याला इथल्या कॅसलमध्ये लग्न करायचं सुचलं, आणि नृत्याच्या हॉलमध्ये मधोमध आग का पेटवायची आहे हे समजावून सांगेल असा माणूस हॉटेलला हवा झाला. तो माणूस मी. तेव्हापासून हेच करतोय.

धंदा सांगायला सोपा आहे. आयरिश लग्नात प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते आणि वेळेचं कोणालाच काही नसतं. मराठी लग्नात मुहूर्त मिनिटावर ठरलेला असतो आणि कोणीच खुर्चीवर नसतं. या दोघांच्या मधल्या फटीत उभं राहायचं, ही माझी नोकरी. होमाच्या वेळी हॉलमधला तेवढा अलार्म बंद ठेवतात आणि हातात लाल नळकांडं घेतलेला हॉटेलचा एक माणूस गुरुजींच्या मागे उभा करतात. सप्तपदीच्या प्रत्येक फोटोत तो असतो. एका कुटुंबानं तर अल्बममध्ये त्याच्याखाली 'मुलाकडचे' असं लिहून ठेवलंय. नवरदेवासाठी घोडा मागवला, तर शेजारच्या शेतकऱ्यानं असा गुणी घोडा आणला की ढोल वाजत असताना तो जागचा हलला नाही. फक्त मान वळवून त्यानं नवरदेवाच्या मुंडावळ्या खाल्ल्या.

कॅसलचा मॅनेजर डेक्लन. माणूस सोन्यासारखा, पण प्रत्येक गोष्टीला त्याचं एकच उत्तर, 'ग्रँड.' पाहुणे दुप्पट आले, ग्रँड. वीज गेली, ग्रँड. लाडू विमानतळावर अडकले, ग्रँड. सुरुवातीला मला वाटायचं की हा मला धीर देतोय. नंतर कळलं की तो ऐकतच नाही.

या सगळ्यांवर मी घरी जाऊन जेवताना चिडू शकतो. मार्कग्राफचं प्रकरण मात्र असं आहे की त्यावर नीट चिडताही येत नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मुलगी आपली, मुक्ता किल्लेदार. डब्लिनला शिकायला आली, तिथल्याच सँट्री भागात नोकरीला लागली आणि तिथेच रमली. मुलगा फेलिक्स, जर्मन, तिच्याच ऑफिसातला. पहिल्या भेटीत मुक्ता डेक्लनबरोबर हॉल बघायला गेली आणि फेलिक्स माझ्यासमोर चहाचा कप धरून बसला. म्हणाला, "एक अडचण आहे. माझं आडनाव मोठं आहे."

मी म्हटलं, "आमच्यात साठ्ये-गोडबोले-पटवर्धन असं एकाच बाईचं असतं. सांग."

त्याच्या पासपोर्टवर आडनावाच्या जागी लिहिलंय, मार्कग्राफ फॉन अमुकतमुक. अमुकतमुक मी मुद्दाम गाळतोय, का ते पुढे कळेल. मार्कग्राफ ही पदवी. फार जुन्या काळी जर्मन सम्राटाच्या राज्याच्या कडेला जे प्रांत होते त्यांना मार्क म्हणत, म्हणजे सरहद्दीचा मुलूख. तिथे नेमलेला सरदार तो मार्कग्राफ. आतल्या सरदारांपेक्षा त्याच्याकडे फौज जास्त आणि मोकळीकही जास्त, कारण शत्रू चालून आल्यावर सम्राटाला विचारून लढायला वेळ कुठे असणार. दरबारापासून लांब राहिल्यामुळे त्यांच्यातले काही इतके मातब्बर झाले की पुढचा सम्राट कोण हे ठरवणाऱ्यांत जाऊन बसले. मग सरहद्दी पुढे सरकल्या, कडेचे प्रांत मध्यावर आले, तरी पदवी बापाकडून मुलाकडे जातच राहिली. राखायला सीमा नाही आणि मार्कग्राफ मात्र आहेत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत राजेशाही गेली, मानमरातब गेले आणि उरलेली पदवी आडनावात जमा झाली.

फेलिक्सला वाटलं होतं की हे मला समजायला वेळ लागेल. मला एक क्षणही लागला नाही. आपल्याकडचे देशमुख सारावसुलीला जात नाहीत, आणि मुक्ताच्या घरचे किल्लेदार कर्वेनगरात दुसऱ्या मजल्यावर राहतात.

"अडचण आडनावाची नाही," फेलिक्स म्हणाला, "आजोबांची आहे."

फेलिक्सला आजोबांनी वाढवलं होतं. त्याच्या बाजूनं लग्नाला येणारं जवळचं माणूस ते एकटेच. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा पुन्हा सरकली आणि त्यांचं घर, जमीन सगळं दुसऱ्या देशात गेलं. आजोबा तेव्हा लहान होते. त्यांचे वडील एका परक्या गावात, एका खोलीत, पाच माणसांचा संसार घेऊन राहिले आणि तिथेही किराणावाल्यानं आपल्याला पूर्ण पदवीनिशी हाक मारावी म्हणून भांडत राहिले. किराणावाला हाक मारायचा, सगळं दुकान हसायचं, आणि पिशवी धरून शेजारी उभे असायचे ते हे आजोबा. पुढे ते गुरांचे डॉक्टर झाले. जन्मभर गोठ्यांतून हिंडले, कारण गाय कोणाला हाक मारत नाही.

"ती पदवी कोणी तोंडावर म्हटली की ते उठून जातात," फेलिक्स म्हणाला. "माझ्या पदवीदानाला कोणीतरी स्टेजवरून पूर्ण नाव घेऊन त्यांचं स्वागत केलं. ते गाडीत जाऊन बसले. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत मी एकटा आहे. लग्नाच्या फोटोत मला एकटं उभं राहायचं नाहीये."

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "हे माझ्यावर सोड." अशी वाक्यं मी नाटकात म्हणायला हवी होती, धंद्यात नाही.

कारण पुण्यात नाना किल्लेदार होते.

नाना म्हणजे मुक्ताचे मोठे काका. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले. तेव्हापासून घरातला प्रत्येक निर्णय नानांचा. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पण निवृत्तीची बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेली नव्हती. मुक्तानं घरी फक्त 'आडनाव मोठं आहे' एवढंच सांगितलं होतं. नानांनी ते इंटरनेटवर टाकून बघितलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या नातेवाइकांत झालं, की मुक्ता राजघराण्यात चालली.

त्यांचा मला पहिला फोन आला तो असा.

"मॅनेजर, महाराजांच्या बसण्याची व्यवस्था काय?"

"कोण महाराज?"

"मार्कग्राफ महाराज."

"खुर्ची आहे."

"कसली खुर्ची?"

"चार पायांची."

"हं. अब्दागिरी मिळेल का तिकडे?"

"नाना, इथे छत्री मिळते."

मी त्यांना सगळी हकिगत सांगितली. किराणा दुकान, पिशवी, पदवीदान, सगळं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहो, हा विनय झाला. मोठी माणसं नको नकोच म्हणतात. आपण आग्रह करायचा असतो."

इथे मी हात टेकले. आपल्या लोकांना पृथ्वीवरचं सगळं समजवता येईल, पण समोरचा 'नको' म्हणतो म्हणजे त्याला खरंच नको असू शकतं, हे समजवता येणार नाही. आमच्या कार्यालयात पानावर आडव्या पडलेल्या माणसाच्या पाठीवरसुद्धा जिलबी वाढलेली मी पाहिली आहे.

"नाना, ते निघून जातील."

"आग्रह कमी पडला तर जातात."

त्यानंतर आठवड्यातून दोनदा असे फोन. मी विनवलं, दरडावलं, शेवटी मुक्ताला बोलायला लावलं. तिला नाना म्हणाले, "तुला काय कळतंय बाळा," आणि विषय मिटला.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सीमांतपूजन होतं. मूळ रीत अशी की वऱ्हाड गावाच्या वेशीपाशी पोहोचलं की मुलीकडच्यांनी तिथे जायचं, नवऱ्या मुलाचे पाय धुवायचे, व्याह्यांचा मान करायचा आणि सगळ्यांना गावात घेऊन यायचं. आता वेस कुठली. आमच्या कार्यालयात ते लिफ्ट आणि चपलांचं कपाट यांच्या मधे व्हायचं, आणि कॅसलमध्ये मी ते लॉबीतल्या गालिच्याच्या काठाशी करतो.

पुण्याची मंडळी त्या सकाळी आली. नानांच्या सामानात तोफेच्या नळीसारखं काहीतरी होतं. मी उलगडून बघितलं. तो फ्लेक्स होता, आपल्या चौकाचौकांत लागतो तसा. वर मराठीत, 'श्रीमंत मार्कग्राफ महाराजांचे आयर्लंड नगरीत सहर्ष स्वागत.' जर्मनांनाही वाचता यावं म्हणून खाली तेच इंग्रजीत, पदवीसकट आणि संपूर्ण आडनावासकट. मधे आजोबांचा मोठा फोटो. तो नानांनी कुठल्याशा जर्मन वर्तमानपत्रातून काढला होता आणि त्यात मूळची एक गाय होती. सदाशिव पेठेतल्या फ्लेक्सवाल्यानं गाय कापून आजोबांना जरीचा फेटा चढवला होता, पण घाईत गाईचा एक कान त्यांच्या खांद्यावर राहून गेला होता. तळाला शुभेच्छुकांचे गोल फोटो, किल्लेदार घराण्यातले झाडून सगळे, नाना इतरांपेक्षा थोडे मोठे.

मी तो फ्लेक्स उचलला आणि बिअरची पिंपं ठेवतात त्या खोलीत नेऊन उभा केला. डेक्लनला बजावलं, की हे कोणालाही द्यायचं नाही. तो म्हणाला, "ग्रँड."

दुपारी डेक्लन हसत हसत आला. लॉबी मिळणार नाही, गावच्या फुटबॉल क्लबाचा समारंभ तिथेच आहे, त्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. "पण तुमचं ते पाय धुण्याचं फाटकाशी करा ना. आमच्या टाउनलँडची हद्द तिथेच संपते. ओढ्यापलीकडे दुसरं टाउनलँड." टाउनलँड म्हणजे इथला जमिनीचा छोटा तुकडा, आपल्या वाडीएवढा, प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि हद्द. मी त्याच्यावर मनसोक्त ओरडलो. ओरडता ओरडता लक्षात आलं, की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी सीमांतपूजन खरोखरीच्या सीमेवर करणार आहे. त्यामुळे राग निम्म्यावर आला. तो पुन्हा पुरा करायची सोय पुढे झालीच.

संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता. मे महिना असूनही वाऱ्याला धार होती. फाटकापाशी आम्ही जमलो. गुरुजी सँट्रीहून आले होते. ते सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर तपासतात आणि शनिवार-रविवार लग्नं लावतात. पाय धुण्याचा मान नाना आणि काकूंचा, असं नानांनी ठरवून टाकलं होतं. मुक्ताची आई, शुभाताई, यांनी फक्त मागे उभं राहून गरम पाण्याचा थर्मास धरायचा. विधवा बाईनं पुढे व्हायचं नाही, ही रीत. मुक्ता त्यावरून सकाळी कडाडून भांडली होती, पण शुभाताईच म्हणाल्या, "राहू दे गं, तुझं लग्न नीट होऊ दे." त्यामुळे त्या कडेला, भिंतीशी, एका हातात थर्मास आणि दुसऱ्यात तांब्या घेऊन उभ्या होत्या. खांद्यावर पांढरा टॉवेल.

मी फाटकाच्या कमानीकडे बघितलं. तिथे फ्लेक्स लावलेला होता.

"डेक्लन."

"हो, फेटा बांधलेले तुझे ते गृहस्थ शोधत होते," डेक्लन म्हणाला. "मी दिला काढून. शिडीपण दिली."

मी शिडीकडे धावलो तेवढ्यात वळणावर टॅक्सी दिसली. नानांनी खिशातल्या फोनवर तुतारी लावली, ती कडेला ठेवलेल्या स्पीकरमधून साऱ्या रानात घुमली, भिंतीपलीकडच्या गाई एकदम मान वर करून बघू लागल्या, आणि नाना दोन्ही हात उंचावून म्हणाले, "मार्कग्राफ महाराजांचा विजय असो."

टॅक्सी थांबली. दार अर्धं उघडलं. आतून एक उंच, हाडकुळे म्हातारे गृहस्थ वर बघत होते. त्यांनी स्वतःचा चेहरा बघितला, फेटा बघितला, खालची इंग्रजी ओळ शेवटपर्यंत वाचली. मग दार आतून बंद झालं. पलीकडच्या दारानं फेलिक्स उतरला. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"ड्रायव्हरला विमानतळावर परत चला म्हणतायत," तो म्हणाला.

"विनय," नाना माझ्या कानात म्हणाले. "बघा तुम्ही. आता आग्रह करू."

"नाना, तुम्ही आता एक अक्षर जरी बोललात ना, तर मी तुम्हाला त्या फ्लेक्समध्ये गुंडाळेन."

मुक्ता फेलिक्सचा हात धरून उभी राहिली. काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. तुतारी चालूच होती. ड्रायव्हर गाडी मागे घ्यायला लागला. एवढ्यात भिंतीकडून शुभाताई आल्या. त्यांना यातलं काही सांगितलंच नव्हतं कोणी, दाराशी पाहुणा आलाय एवढंच त्यांना दिसत होतं. मला म्हणाल्या, "मिलिंदराव, अहो पाणी निवतंय. त्यांना उतरायला सांगा ना." आणि मी हलत नाही असं बघून थर्मासातलं पाणी तांब्यात ओतून त्या स्वतःच टॅक्सीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तांब्यातून वाफ येत होती.

काचेआडून आजोबांनी वाफेकडे बघितलं. मग टॉवेलकडे. मग पदर डोक्यावर घेऊन पावसात उभ्या असलेल्या त्या बाईकडे. टॅक्सी थांबली. दार उघडलं. आजोबा खाली उतरले, कोट काढून त्यांनी फेलिक्सच्या हातात दिला, शर्टाच्या बाह्या कोपराच्याही वर सरकवल्या आणि दोन्ही हात शुभाताईंसमोर धरून जर्मनमध्ये काहीतरी विचारलं.

फेलिक्स तोंडावर हात घेऊन हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"विचारतायत, गाय कुठे आहे."

नाना तात्काळ म्हणाले, "गाय? गोदान हवंय का त्यांना? मॅनेजर, इथे गाय मिळेल का?"

भिंतीवरून चाळीस गाई आमच्याकडे बघत होत्या.

फेलिक्सनं मला समजावलं. गाय अडली की रानातल्या वस्तीवरून फोन यायचा. आजोबा पोहोचायचे तेव्हा घरची बाई फाटकाशी उभी असायची, गरम पाणी आणि टॉवेल घेऊन. डॉक्टरनं हात धुवायचे आणि थेट गोठ्यात शिरायचं. नावगाव कोणी विचारायचं नाही. "आजोबांनी जन्मभर स्वीकारलेला मान तेवढाच," फेलिक्स म्हणाला.

शुभाताईंना हे कळण्याची गरजच पडली नाही. त्यांनी तांब्या कलता केला आणि त्यांच्या हातांवर पाणी घातलं, कोपरापासून बोटांपर्यंत. मग टॉवेल दिला. पाय धुण्याचा मान काकूंचा होता, आणि हात धुण्याबद्दल रीत काहीच बोलत नाही. गुरुजी चाचरत मला म्हणाले, "मी मंत्र सुरू करू का?" मी म्हटलं, करा.

हात पुसता पुसता आजोबांनी विचारलं, "हे फाटकातच का? आत का नाही?"

मी सांगितलं. ही आमची वेस. पाहुणा सीमेवर आला की आम्ही त्याला तिथे गाठतो, धुऊनपुसून, सन्मानानं आत नेतो. फेलिक्सनं जर्मनमध्ये सांगितलं. आजोबांनी टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला. मग फ्लेक्सकडे बोट करून म्हणाले, "आणि सीमेवर तुमच्या बाजूनं कोण उभं असतं?"

मी नानांना पुढे ओढलं. "हे. यांचं आडनाव किल्लेदार. किल्ला राखणारा."

"किल्ला कुठे आहे?"

"गेला."

आजोबांनी नानांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. जरीचा फेटा, त्यावर इथल्या पावसाचे थेंब, उपरणं, पायात स्पोर्ट शूज. मग ते सावकाश बोलले आणि फेलिक्स वाक्यावाक्याला थांबून सांगत गेला. "माझ्या घराण्यानं शेकडो वर्षं सीमा राखली. त्यांचं काम एकच, कोणाला आत येऊ द्यायचं नाही. सीमेवर कोणी कोणाचे हात धुतल्याचं मी कधी ऐकलं नाही. जो सीमेवर उभा राहतो तो मार्कग्राफ. मी तर पाहुणा आहे. ही जागा आमच्याकडे फार दिवस नुसतीच अडकून पडली होती. यांना सांग, आता ती यांची."

नाना किल्लेदार गप्प झाले. मी ते दृश्य डोळे भरून बघून घेतलं. मग ते पुटपुटले, "छे छे. मी कसला. आमची काय योग्यता. नको नको."

आयुष्यात अशी संधी पुन्हा येत नाही. मी म्हटलं, "मोठी माणसं नको नकोच म्हणतात, नाना. आग्रह करावा लागतो."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुण्यात असतो तर माझी नोकरी गेली असती. पण मुक्ता हसली, फेलिक्स हसला, आणि काय झालंय हे न कळता आजोबाही हसले. नानांनी उपरणं सारखं केलं, ताठ उभे राहिले आणि गंभीरपणे आजोबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "चार्ज घेतला."

त्यांच्या कचेरीत बदली झालेला साहेब नव्या साहेबाला कपाटाच्या किल्ल्या देतो आणि मोकळा होतो, त्याला चार्ज म्हणतात. आजोबांना शब्द कळला नसेल. मोकळं झाल्याचं मात्र त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. नाना-काकूंनी फेलिक्सचे पाय धुतले. आजोबांनी फ्लेक्सच्या तळाचे गोल चेहरे एकेक करून न्याहाळले आणि विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, शुभेच्छुक. ते म्हणाले, "आमच्या भिंतीवर सगळे मेलेले असायचे. हे जिवंत आहेत?" मी म्हटलं, सगळे जिवंत आहेत आणि सगळे जेवायला आहेत, तेव्हा कृपा करून आत चला.

पण नाना चार्ज घेऊन बसले होते. वऱ्हाड आत गेलं, मुलगामुलगी आत गेली, नाना फाटकातून हलेनात. सगळे पाहुणे आत आल्याशिवाय सीमा सोडता येत नाही, असा नियम त्यांनी तिथल्या तिथे केला. डब्लिनजवळच्या डून लेरीची मराठी मंडळी यायची होती. ती डार्टच्या लोकलनं शहरात येतात, तिथून मलिंगारची गाडी पकडतात, आणि कुठल्याही लग्नात सूप संपल्यावर पोहोचतात. आजोबाही आत येईनात. त्यांनी चार पायांची ती खुर्ची फाटकाशी मागवून घेतली आणि नानांच्या शेजारी मांडून बसले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी बोलणं खंडत नव्हतं. शुभाताई थर्मास पुन्हा भरून घेऊन आल्या होत्या.

इकडे आत आचारी माझ्याकडे सुरी रोखून बघत होता. डेक्लन म्हणाला, "अरे, ते दोघं ग्रँड आहेत तिकडे." मी तणतणत फाटकाकडे निघालो. मार्कग्राफ असोत की महाराज, बखोटीला धरून आत आणायचे, असं ठरवूनच.

फाटकात नानांनी मला हात आडवा केला.

"थांबा. कुठून आलात?"

"नाना, मी मॅनेजर आहे. सूप गार होतंय."

"ते ठीक आहे. पण तुम्हाला रीतसर आत घेतलंय का कोणी?"

कार्यालयाच्या दारात माझी किती वर्षं गेली. नंतर या फाटकात. प्रत्येक वरातीचं स्वागत मी केलंय, म्हणजे कोण कुठे उभं राहील ते ओरडून सांगितलंय. या देशात मी स्वतः आलो तेव्हा खिडकीतल्या माणसानं कागद मागितला, शिक्का मारला आणि पुढच्याला बोलावलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. त्याचं काम तेच होतं, आणि बरीच वर्षं माझंही तेच होतं.

आजोबांनी शुभाताईंच्या हातून तांब्या घेतला आणि मानेनं खूण केली. मी बाह्या वर केल्या, कारण सूप गार होत होतं आणि वाद घालायला वेळ नव्हता. पाणी चांगलं गरम होतं.

तेवढ्यात डून लेरीची मंडळी पोहोचली, उशीर का झाला ते सगळी एकदम सांगू लागली, त्यांच्या मागून फोटोवाला आला, आणि आजोबा कुठे राहिले बघायला फेलिक्स आणि मुक्ता पळत खाली आले. फोटोवाल्यानं तिथेच, कमानीखाली, सगळ्यांना उभं केलं.

तो फोटो मुक्तानं मला पाठवला. मधे फेलिक्स, त्याच्याभोवती इतकी गर्दी की तो नीट दिसतही नाही. डावीकडे नवे मार्कग्राफ, फेटा किंचित वाकडा. वर फ्लेक्स. मी कडेला, ओले हात पुढे धरून, वैतागलेल्या चेहऱ्यानं टॉवेल शोधतोय. टॉवेल आजोबांच्या खांद्यावर आहे. वरच्या चित्रात गाईचा कान राहिला होता, बरोबर त्याच जागी.